खात्याबाहेरची ओळख

व्यापारी माणसाची पारख करण्याच्या आपल्याकडे ठरलेल्या रीती आहेत. त्याचा शब्द बाजारात किती चालतो, उधारी वेळेवर फेडतो की तारखा पुढे ढकलतो, मुनीम त्याच्या पेढीवर किती वर्षे टिकला, घरच्या कार्याला कोण कोण आवर्जून आले, या सर्वांवरून त्याची पत ठरते. बँकेने याच पारखीला कागदाचे रूप दिले. ताळेबंद, मालसाठ्याचे मासिक विवरण, जामीनदाराची मालमत्ता, मागील तीन वर्षांची उलाढाल. कर्जविभागात बसून असे शेकडो अर्ज मी वाचले, त्यांवर टिपणे लिहिली. त्या अर्जांत रकाने पुष्कळ होते. परंतु हा गृहस्थ दुकान वाढवून घरी गेल्यावर एकटा असताना काय ऐकतो, हे विचारणारा रकाना नव्हता. तो नसावा हेही योग्यच. मात्र आता मागे वळून पाहताना असे ध्यानात येते की, ज्यांची खाती मला तोंडपाठ होती त्यांपैकी ज्यांना मी खरोखर ओळखतो असे म्हणू शकेन, ते फार थोडे आहेत. आणि त्यांतील एकाची ओळख मला त्यांच्या आवडत्या गाण्यांतून झाली.

जालन्यासारख्या गावात गाणे कोठून आले, हा प्रश्न कोणी फारसा विचारत नाही. 'जालना सोने का पालना' ही म्हण आपण अभिमानाने सांगतो आणि मग सरकी, बियाणे, लोखंड, मोसंबी यांवर बोलू लागतो. परंतु हे गाव सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होते, 1956 मध्ये मुंबई राज्यात आले, 1960 मध्ये महाराष्ट्रात आणि स्वतंत्र जिल्ह्याचे ठिकाण झाले ते 1 मे 1981 रोजी. कुंडलिकेच्या अल्याड-पल्याड मराठी, उर्दू, मारवाडी, तेलुगू या भाषा एकाच गल्लीत नांदल्या. आपल्या समाजातील मागील पिढीचे कित्येक जण उर्दू शाळेत शिकले. वही महाजनी लिपीत लिहिली, सरकारी अर्ज उर्दूत केला, घरात मारवाडी बोलले आणि गिऱ्हाइकाशी मराठी. त्यामुळे गजलेतील शब्द येथील अडत्याच्या कानाला परके नव्हते. पुण्या-मुंबईच्या माणसाला ज्या शब्दासाठी कोश उघडावा लागतो, तो शब्द आमच्याकडे तगाद्याच्या चिठ्ठीतही आढळत असे.

त्या शब्दांना सूर मिळाला तो रेडिओमुळे. रेडिओ ठेवायचा तर टपाल कार्यालयात वार्षिक शुल्क भरून परवाना घ्यावा लागे, हे आजच्या मुलांना सांगितले तर ती हसतात. 1952 मध्ये डॉ. बा. वि. केसकर नभोवाणी खात्याचे मंत्री झाले आणि चित्रपटगीतांना आकाशवाणीवर जवळजवळ मज्जाव झाला. श्रोत्यांची अभिरुची सुधारावी हा हेतू. परिणाम व्यापाऱ्याला अपेक्षित असाच झाला. एका दुकानात माल मिळेना म्हटल्यावर गिऱ्हाईक समोरच्या दुकानात गेले. ते समोरचे दुकान म्हणजे रेडिओ सिलोन. त्याच वर्षाच्या अखेरीस तेथे अमीन सयानी यांची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली आणि बुधवारची रात्र ठरून गेली. आकाशवाणीने 1957 मध्ये 'विविध भारती' काढून गिऱ्हाईक परत मिळवले खरे. पण सिलोनची सकाळ अनेकांच्या कानांतून गेली नाही. जुन्या चित्रपटगीतांचा तो कार्यक्रम सैगलच्या गाण्याने संपे आणि मग मोंढ्याकडे निघायचे, असा कित्येक घरांचा क्रम होता.

ज्यांच्याविषयी लिहितो आहे ते माझे स्नेही अशाच घरातले. नाव देत नाही. त्यांना आवडणार नाही. धान्याची अडत, पुढे तेलबिया. वय आता पंचाहत्तरीच्या आसपास. त्यांच्या रोखकर्ज खात्याचा आणि माझा संबंध सुमारे बारा वर्षे होता. गोदाम तपासणीस गेलो की किल्ल्या आधीच काढून ठेवलेल्या असत, पोती मोजता येतील अशा थप्प्या लावलेल्या असत आणि गृहस्थ स्वतः दाराशी उभे. विचारले तेवढ्याचे उत्तर. तेही 'हो', 'नाही' किंवा आकडा. बाजारात त्यांची ख्याती कडक माणूस अशी होती. भाव एकदाच सांगत, घासाघीस करीत नसत. हर्राशीच्या वेळी बोली त्यांचा मुनीम पुकारी, शेठजी बाजूला हात मागे बांधून उभे राहत. पैसा आला की माणसाला बोलणेही जड होते, असे काही जण मागून म्हणत. खाते मात्र आरशासारखे स्वच्छ. बँकेच्या दृष्टीने याहून अधिक काही जाणण्याचे कारण नव्हते.

निवृत्तीनंतर कधी स्थानकात, कधी फिरायला जाताना भेटी होऊ लागल्या आणि एका दुपारी त्यांनी मला घरी बोलावले. माडीवरच्या खोलीत लोखंडी कपाट होते. त्यात वह्या असतील असे वाटले, निघाल्या ध्वनिफिती. शंभराच्या पुढे असतील. प्रत्येकीच्या पाठीवर त्यांच्या वळणदार हस्ताक्षरात चित्रपटाचे नाव, वर्ष, संगीतकार. आणि जवळजवळ सर्वांवर गायक एकच, तलत महमूद.

रफी असता तर नवल वाटले नसते. मोंढ्यातील बहुतेकांचा तोच. मुकेश, किशोर कुमार, अगदी भीमसेन जोशी असते तरी त्या कडक प्रतिमेत बसले असते. तलत बसत नव्हता. रेशमासारखा मऊ आणि किंचित थरथरणारा तो आवाज, आणि पोत्यात परखी खुपसून दाणे तळहातावर घेत एका शब्दात भाव सांगणारे हे गृहस्थ. दोहोंचा मेळ कसा घालावा?

त्या आवाजाची कथा थोडक्यात सांगितली पाहिजे. तलत महमूद यांचा जन्म 24 फेब्रुवारी 1924 चा, लखनौचा. शिक्षण तेथील मॉरिस कॉलेजात. हे महाविद्यालय आपल्या पंडित भातखंड्यांच्या प्रयत्नाने उभे राहिलेले. विशीच्या आत पहिली तबकडी निघाली, पुढे कोलकात्यात 'तपनकुमार' या नावाने बंगाली गीते गायिली आणि 1949 च्या सुमारास ते मुंबईस आले. तेथे त्यांच्या आवाजातील कंप लोकांच्या टीकेचा विषय झाला. गळा भीतीने थरथरतो, गाण्यात दम नाही, असे बोलले जाऊ लागले. ते ऐकून तलत तो कंप दडपून, आवाज सरळ करून गाऊ लागले. संगीतकार अनिल विश्वास यांनी त्यांना टोकले. मला हवा आहे तो कंप कोठे गेला, तोच तर तुझा गुण आहे, अशा आशयाचे ते बोलले आणि 1950 च्या 'आरजू' चित्रपटात तो थरथरता आवाज जसाच्या तसा ध्वनिमुद्रित झाला. ज्यास दोष म्हणून लपविले तोच पुढे ओळख ठरला. 'दाग', 'फूटपाथ', 'सुजाता', 'जहाँ आरा' ही नावे वाचूनच आपल्यापैकी अनेकांच्या कानांत काही वाजू लागेल. मराठीतही ते गायिले आहेत.

माझ्या स्नेह्यांनी ही कथा मला त्या खोलीत सांगितली. सांगताना 'त' आणि 'क' या अक्षरांवर ते तीन-चारदा अडखळले. इतकी वर्षे माझ्याशी एका शब्दात बोलणारा हा माणूस सलग बोलत होता आणि अडखळत होता. मग म्हणाले, "साहेब, मी लहानपणापासून तोतरा. शाळेत उभे केले की सगळा वर्ग हसे. वडील म्हणत, हा गादीवर कसा बसणार? मोठे भाऊ रेडिओ ऐकत. त्यांनी एकदा सांगितले, बघ, याचा आवाज कापतो, तरी सारा हिंदुस्थान ऐकतो." एवढे बोलून त्यांनी फीत लावली.

त्यांचा मितभाषीपणा बाजाराने गर्व म्हणून लिहून ठेवला होता. भाव एकदाच सांगणे ही त्यांची व्यापारनीती झाली, कारण घासाघीस करायची तर बोलावे लागते. हर्राशीची बोली मुनीम पुकारी, तेही यासाठीच. एका मानी माणसाने आपल्या उणिवेभोवती शिस्तीचे कुंपण घातले आणि त्या शिस्तीवरच त्याची पत उभी राहिली. त्यांच्या ताळेबंदात यातले काहीही दिसले नसते. आणखी एक गोष्ट मी त्या खोलीत पाहिली. फितीबरोबर ते हलक्या आवाजात गुणगुणतात तेव्हा एकाही अक्षरावर अडखळत नाहीत. तोतरेपणा असणारी बहुतेक माणसे गाताना अडखळत नाहीत, हे वाक्‌दोषांवर उपचार करणाऱ्यांना चांगले ठाऊक आहे. मला ते समोर पाहण्यास मिळाले.

त्यांच्याबरोबर ऐकणे ही एक शिस्त आहे. गाणे मधूनच लावायचे नाही. आरंभीचे वाद्यसंगीतही पूर्ण ऐकायचे. बोलायचे नाही. अंतऱ्याआधी व्हायोलिनचा तुकडा आला की ते तर्जनी किंचित उचलतात, म्हणजे 'आता लक्ष द्या'. एखादे गाणे संपल्यावर तेच पुन्हा लावतात, कधी तिसऱ्यांदाही. आरंभी मला हे कंटाळवाणे वाटे, कारण माझा ओढा नाट्यसंगीताकडे. तानेशिवाय गाणे मला अळणी लागते. तिसऱ्या वेळी ऐकताना जाणवले की ते गाणे ऐकत नसतात, त्यातल्या एका विशिष्ट जागेची वाट पाहत असतात. ती जागा आली की चेहरा सैल होतो. मित्राची ती जागा कोणती हे कळायला मला सहा महिने लागले. 'सुजाता'मधले तलतचे गाणे नायक दूरध्वनीवरून नायिकेला ऐकवतो. तेथे त्यांची जागा शब्दांवर नाही, ओळ संपल्यावर आवाज विरतो त्या क्षणावर आहे. समोरासमोर बोलता न येणाऱ्यास तारेवरून गाता येते, हे त्यांना त्यात दिसत असावे असे मी समजतो. त्यांना विचारलेले नाही.

आपल्याला स्वतःला न आवडणारे गाणे मित्रासाठी ऐकणे, ही मैत्रीतील खरी कसोटी होय. आवड जुळते म्हणून मैत्री होणे सोपे आहे. महाराष्ट्रात याचे थोर उदाहरण पु. ल. देशपांडे आणि डॉ. वसंतराव देशपांडे यांचे. दोघांचे आडनाव एक, वयात सहा महिन्यांचे अंतर, पु.लं.चा जन्म नोव्हेंबर 1919 चा, वसंतरावांचा मे 1920 चा, मूर्तिजापूरचा. पु.लं.ची बालगंधर्वांवरील भक्ती महाराष्ट्रास ठाऊक आहे. वसंतरावांच्या गळ्यावर मात्र संस्कार मास्टर दीनानाथांचा, म्हणजे अगदी दुसऱ्या टोकाचा. बालगंधर्वांचे गाणे आर्जवाचे, दीनानाथांचे आक्रमक, विजेसारखे. त्यातच वसंतराव लाहोरला जाऊन उस्ताद असद अली खाँ यांच्याकडे मारवा हा एकच राग शिकून आले. तो राग स्वभावानेच अस्वस्थ, षड्जाला टाळत फिरणारा. असा गवई पुण्यात लष्कराच्या हिशेब कचेरीत आकडे जुळवीत होता. वाचकांपैकी ज्यांनी खतावणीची बेरीज जुळेना म्हणून रात्र काढली असेल, त्यांना त्या स्थितीची कल्पना येईल.

त्या कारकुनामध्ये पु.लं.ना थोर गवई दिसला. ते स्वतः पेटी घेऊन त्याच्या साथीला बसत. पेटीवाल्याला गवयाच्या पुढे जाता येत नाही आणि मागेही राहता येत नाही. त्याची पुढची स्वरजागा कोणती असेल याचा अंदाज घेत त्याच्या बरोबरीने चालावे लागते. मित्र समजून घेण्याची याहून चोख पद्धत मला माहीत नाही. नोकरी सोडून पूर्ण वेळ गा, असा आग्रह वसंतरावांना मित्रांनी केला, पु.लं.नी तर विशेष. पण घरची जबाबदारी होती, ठरावीक पगार होता. ईशान्येकडील नेफा भागात बदली झाली आणि त्यानंतर ती नोकरी सुटली. डिसेंबर 1967 मध्ये 'कट्यार काळजात घुसली' रंगभूमीवर आले, तेव्हा खाँसाहेबांच्या भूमिकेतील वसंतराव सत्तेचाळीस वर्षांचे होते. एप्रिल 2022 मध्ये त्यांच्यावरील 'मी वसंतराव' हा चित्रपट आला, त्यात नातू राहुल देशपांडे यांनी आजोबांची भूमिका केली. या मैत्रीचा काही अंश त्यात पाहावयास मिळतो. घरातील तरुणांनी तो अवश्य पाहावा, विशेषतः ज्यांना वाटते की वडिलांनी नेमून दिलेली गादी आणि मनातले काम यांचा झगडा आजच सुरू झाला.

आकड्यांच्या धंद्यातील आणखी एक नाव आपल्या वाचकांसमोर ठेवावेसे वाटते. वामनराव ह. देशपांडे हे व्यवसायाने सनदी लेखापाल, चार्टर्ड अकाउंटंट. त्यांनी 1961 मध्ये 'घरंदाज गायकी' हा ग्रंथ लिहिला. स्वर हे एक टोक, लय हे दुसरे टोक, आणि या दोहोंच्या मधल्या रेषेवर कोणते घराणे कोठे बसते याची त्यांनी मांडणी केली. किराणा स्वराच्या टोकाला, आग्रा लयीच्या टोकाला, जयपूर मध्यावर तोल सांभाळून. जमा-खर्चाची दोन अंगे पाहण्याची सवय असलेल्या माणसालाच हे सुचावे, असे मला नेहमी वाटते. अर्थात हे माझे व्यावसायिक अभिमानाचे बोलणे. वामनराव केवळ लिहून थांबले नाहीत. मोगूबाई कुर्डीकरांकडे ते शिष्य म्हणून बसले, कुमार गंधर्वांशी त्यांचा घरोबा होता आणि त्यांचे चिरंजीव सत्यशील पुढे कुमारांचेच शिष्य झाले. मित्राचे गाणे घरात आले आणि पुढल्या पिढीचे होऊन राहिले.

कुमारांचेही एक उदाहरण येथे लागू पडते. क्षयाच्या आजारामुळे हवापालट म्हणून 1948 च्या जानेवारीत ते देवासला गेले, काही वर्षे गाणे बंद होते, अंथरुणावर पडून माळव्याची लोकगीते ऐकली. ही कथा पुष्कळांना माहीत आहे. ते बरे झाल्यावर त्यांनी ज्या मैफली बांधल्या त्यांत एक होती 'मला उमजलेले बालगंधर्व'. नाव पाहावे. 'बालगंधर्वांची गाणी' असे म्हटलेले नाही, 'मला आवडलेले' असेही नाही. उमजणे हा शब्द आपल्या भाषेत फार नेमका आहे. कळणे डोक्याला होते. उमजायला वेळ लागतो आणि ते आतून वर येते. कुमारांची गायकी बालगंधर्वांसारखी मुळीच नव्हती. तरीही त्यांची पदे त्यांनी स्वतःच्या गळ्यातून काढून पाहिली आणि मला एवढे उमजले असे सांगितले. नक्कल केली असती तर टाळ्या अधिक मिळाल्या असत्या.

आता आपल्या समाजाच्या दृष्टीने या विषयातील जी अडचण आहे तिच्याकडे वळतो. 'राग' हा शब्द मराठी बोलणाऱ्या जैनाच्या कानावर तीन अर्थांनी पडतो. बाजारात राग म्हणजे क्रोध. मैफलीत राग म्हणजे स्वरांची बांधणी. आणि व्याख्यानात राग म्हणजे आसक्ती, जिच्यातून मुक्त झालेला तो वीतराग. पाच इंद्रियांचे दृष्टांत आपण लहानपणापासून ऐकले आहेत. स्पर्शाने हत्ती, चवीने मासा, गंधाने भुंगा, रूपाने पतंग आणि नादाने हरीण बंधनात सापडते. मग मित्राच्या गाण्यात रमणे म्हणजे दोघांनी मिळून हरीण होणे नव्हे काय? हा प्रश्न माझ्या स्नेह्यांनीच मला विचारला आणि चेष्टेने विचारला नाही.

परंपरेकडे पाहता उत्तर एकाच बाजूचे दिसत नाही. आगमांतील स्थानांगसूत्राच्या सातव्या स्थानात सप्तस्वरांचे सविस्तर वर्णन आहे. कोणता प्राणी कोणता स्वर काढतो, कोणते वाद्य कोणत्या स्वराचे, इतकेच सांगून ते थांबत नाही; कोणता स्वर कोणत्या माणसाला काय मिळवून देतो हेही सांगते. षड्जाच्या माणसास उपजीविका लाभते, त्याचे केलेले वाया जात नाही, त्यास मित्र मिळतात, असे तेथे म्हटले आहे. स्वरावरून माणूस ओळखण्याचा हा विचार किती जुना आहे ते यावरून दिसेल. पुढे पार्श्वदेवांनी 'संगीतसमयसार' लिहिला, तर सुधाकलश या जैन मुनींनी 1350 मध्ये 'संगीतोपनिषत्सारोद्धार' रचला. स्तवने, पदे, आनंदघनजींची चोविशी, वसंततिलका वृत्तातील भक्तामर यांच्यामुळे तर घरोघरी सूर पोहोचलाच. स्थानकात वाद्य वाजत नाही. तेथे केवळ कंठ आहे, आणि साथीविना गाणाऱ्या कंठात माणूस अधिक उघडा पडतो. माझे स्नेही सामुदायिक स्तवनात मोठ्याने गातात. शेजारी बसणाऱ्यास हा तोतरा आहे असे कधी कळणार नाही.

दरवर्षी चातुर्मासाच्या आरंभी ते काही त्याग घेतात. कोणी मिठाई सोडतो, कोणी हिरवी भाजी, कोणी रात्रीचे पाणी. त्यांना गोडाची आवड नाही, तेव्हा मिठाई सोडण्यात अर्थ नाही, असे ते म्हणतात. ते चार महिने तलत सोडतात. लोखंडी कपाटाची किल्ली भाभीजींकडे देतात. पर्युषणाचे आठ दिवस बहुतेक जण चित्रपटगीते टाळतात. यांचा हिशेब पूर्ण चातुर्मासाचा. या एका गोष्टीने मला जेवढे सांगितले तेवढे शंभर फितींनी सांगितले नाही. माणसाला काय आवडते हे तो सांगेल किंवा सांगणार नाही. पण नियमाच्या वेळी तो काय सोडतो त्यावरून त्या वस्तूची त्याच्या मनातली किंमत कळते. हरणाच्या प्रश्नालाही त्यांनी आपल्यापुरते उत्तर दिले आहे. आठ महिने ऐकायचे, चार महिने सोडायचे. सामायिक अठ्ठेचाळीस मिनिटांचे, नव्वद मिनिटांच्या फितीची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची. एकात बसल्यावर दुसऱ्याची आठवण आली नाही, म्हणजे दिवस बरा गेला, असे ते म्हणतात.

आवाजावरून मित्र ओळखण्याची परिसीमा आपल्याच समाजातील एका कलावंताने गाठली. रवींद्र जैन 1944 मध्ये अलीगढला जन्मले ते दृष्टिहीन. बालपणी जिनमंदिरात भजने गात त्यांचा स्वर घडला. त्यांनी केरळच्या येसुदास यांच्याकडून 'चितचोर'ची गाणी गाऊन घेतली. पुढे त्यांनी म्हटल्याचे सर्वश्रुत आहे की, आपल्याला दृष्टी मिळाली तर प्रथम येसुदासांना पाहण्याची इच्छा आहे. एक हिंदीभाषी जैन, दुसरा मल्याळी ख्रिस्ती. मधला दुवा केवळ स्वर.

माझ्या स्नेह्यांची दोन मुले उद्योग सांभाळतात, एक जालन्यात, एक छत्रपती संभाजीनगरला. दोघेही सुशील आहेत. वडिलांचा रक्तदाब किती, साखर किती, कोणती गोळी केव्हा, हे त्यांना तोंडपाठ. वडिलांचे आवडते गाणे कोणते असे मी थोरल्यास विचारले, तेव्हा त्याने क्षणभर विचार करून "जुनी गाणी" असे उत्तर दिले. माल 'जुना' असे सांगून कोणी पोते घेत नाही. वाण विचारतो, ओलावा विचारतो, कोणत्या गावचा ते विचारतो. आमच्या पिढीने मुलांना कधी सांगितले नाही हेही तितकेच खरे. गाणे ही एकट्याने, माडीवर, दार लोटून करण्याची गोष्ट मानली गेली. आता प्रत्येकाच्या कानात स्वतंत्र यंत्र असल्यामुळे पुढच्या पिढीत दाराचीही गरज उरलेली नाही.

मला घाई वाटते ती यामुळे की, गेल्या दोन वर्षांत त्यांना कमी ऐकू येऊ लागले आहे. वयपरत्वे येणाऱ्या बहिरेपणात आधी उंच पट्टीचे ध्वनी जातात. 'स', 'श', 'त', 'क' ही अक्षरे पुसट होतात आणि व्हायोलिनची वरची कड नाहीशी होते. म्हणजे ते ज्या जागेसाठी बोट उचलत, तीच आधी निघून गेली. मुलांनी चांगल्यापैकी श्रवणयंत्र आणून दिले. बोलणे त्यांना कळू लागले. गाणे मात्र पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखे लागते, असे ते म्हणाले. याचे कारण साधे आहे. ही यंत्रे मुख्यतः बोलणे स्पष्ट व्हावे म्हणून बनवलेली असतात. मोठा आवाज ती दाबतात, बारीक आवाज वाढवतात आणि लांबवलेला एकसारखा स्वर कधी कधी शिट्टी किंवा गोंगाट समजून कापून टाकतात. तलतचा विरत जाणारा स्वर त्यात टिकणे कठीण. पुष्कळ यंत्रांत संगीतासाठी वेगळी योजना बसवता येते. पण श्रवणतज्ज्ञाकडे जाऊन ती मुद्दाम मागावी लागते. कोणी मागत नाही, कारण म्हातारा माणूस गाणे ऐकतो हे यंत्र विकत घेणाऱ्या मुलाच्या ध्यानात नसते. घरात कोणी यंत्र लावीत असेल तर ही चौकशी करावी.

आम्ही एक काम हाती घेतले आहे. दिवाळीच्या पूजनातील एक कोरी लाल वही होती. तिच्यात गाण्यांची नोंद सुरू केली. चित्रपट, वर्ष, संगीतकार हे तर फितीवर आहेच. चौथ्या रकान्यात ते सांगतील ते मी लिहितो. कोणाच्या घरी पहिल्यांदा ऐकले, त्या वर्षी तुरीला भाव काय होता, भाऊ तेव्हा होते की नव्हते. काही गाण्यांपुढे त्यांनी 'पुढे चला' एवढेच सांगितले. तेथे रकाना रिकामा आहे. धाकट्याची मुलगी सुटीत आली होती, तिने ती वही पाहिली आणि आपल्या फोनवर त्या क्रमाने गाणी जमवली. जहाँ आरा कोण होती हे तिने आजोबांना विचारले. दुपारभर ते अडखळत सांगत राहिले आणि मुलीने एकदाही त्यांचे वाक्य पुरे करून दिले नाही.

साठ नोंदी झाल्या आहेत. सध्या चातुर्मास चालू असल्यामुळे काम थांबले आहे आणि किल्ली भाभीजींकडे आहे. कार्तिकी पौर्णिमेनंतर ते श्रवणतज्ज्ञाकडे जातील. यंत्रात संगीताची योजना बसली तर प्रथम कोणते गाणे लावून पाहावे, यावर आमचा मतभेद आहे. त्यांचा आग्रह 'आरजू'चा. माझे म्हणणे असे की आधी 'सुजाता' लावावे, कारण त्यात वाद्ये कमी आणि आवाज जवळचा आहे.